कॅज्युअल्टीच्या नोंदींवरून तापाची साथ वेळेत कशी ओळखायची?

प्रश्न
गोव्यातल्या आमच्या कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या उपचार विभागाच्या) रोजच्या नोंदी एक्सेलमध्ये आहेत. पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतातच. त्यातली नेहमीची वाढ कोणती आणि साथीची कोणती, हे कसं ठरवायचं? निदानाचा रकाना अर्धाअधिक रिकामा आहे.

उत्तर 1
निदानासाठी थांबू नका, तक्रारीचा रकाना घ्या. तो केसपेपर काढतानाच भरला जातो. गट मोजकेच ठेवा: ताप-खोकला, ताप-पुरळ, ताप-कावीळ, जुलाब-उलटी. शोधताना ‘ताप’बरोबर ‘फीवर’ आणि कोंकणीतला ‘जोर’ही घाला. ‘ताप नाही’ अशा नोंदी आधी वगळा, नाहीतर आकडा फुगतो. तोच रुग्ण 7 दिवसांत पुन्हा आला तर एकदाच मोजा.

उत्तर 2
रविवारी ओपीडी बंद, त्यामुळे साधा तापही कॅज्युअल्टीत येतो. म्हणून रविवारची तुलना शनिवारशी करू नका. एकतर आधीच्या रविवारांशी करा, नाहीतर सोमवार ते रविवार असा आठवडा धरा. गणेश चतुर्थीचंही तसंच. सणात लोक दुखणं अंगावर काढतात आणि नंतर एकदम येतात. ती उसळी साथ समजू नये.

रोजच्या इशाऱ्यासाठी आजच्या आधीचे 2 दिवस सोडा, त्यामागच्या 7 दिवसांची सरासरी काढा आणि तीत प्रमाण विचलनाची (रोजचे आकडे सरासरीपासून किती मागेपुढे होतात त्या मापाची) तिप्पट मिळवा. आजचा आकडा त्यापुढे गेला तर इशारा. ते 2 दिवस सोडणं फार महत्त्वाचं आहे, कारण नुकतीच सुरू झालेली वाढ सरासरीत शिरली की ती स्वतःलाच झाकते. लहान केंद्रात विचलन शून्याजवळ असतं आणि 3 रुग्णांनीही इशारा वाजतो; तिथे किमान 5 रुग्णांची अट घाला.

हळूहळू चढणारी साथ मात्र या पद्धतीतून निसटते. तिच्यासाठी मागच्या 3 ते 5 वर्षांतले तेच आठवडे बघा, पण 2020 आणि 2021 ही कोविडची वर्षं वगळून.

उत्तर 3
ताई, राहण्याचा तालुका नक्की नोंदवा. डिसेंबरात पर्यटकांमुळे एकूण रुग्ण वाढतात आणि तापाची टक्केवारी उगाच घसरलेली दिसते; म्हणून स्थानिक वेगळे मोजा. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडताप (जंगलातल्या गोचिडींमुळे होणारा विषाणूजन्य ताप) आहे. काजूच्या हंगामात तिथून आलेला ताप पावसाळ्याच्या मापाने मोजू नका, तेव्हा इशाऱ्याला दोन-तीन रुग्णही पुरेसे आहेत.

इशारा आला की आधी त्या दिवसाचे केसपेपर वाचा. पहिल्या 5 दिवसांतला ताप असेल तर डेंग्यूसाठी एनएस-1 ही रक्ततपासणी, त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी). शेतात चिखलात काम केलेल्याला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तपासा. अहवाल येईपर्यंत न थांबता त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.