ननांच्या मठातील खून: तपास कोणी करावा?

प्रश्न: पंधराव्या शतकातील इंग्लंडमधील ननांच्या मठात घडणारी रहस्यकथा मी लिहीत आहे, परंतु पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ साली ननांच्या बाहेर जाण्यावर आणि परक्यांच्या आत येण्यावर कडक निर्बंध घातलेले असताना, तपास करणारा आत आणावा तरी कसा?

प्रतिसाद १: बिशपच्या तपासणीचा उपयोग करावा. लिंकनचे बिशप विल्यम ॲनिक (१४३६–१४४९) यांच्या भेटींत प्रत्येक ननला एकटीला बोलावून विचारपूस होई आणि उत्तरे लॅटिनमध्ये नोंदवली जात. ‘सारे ठीक आहे’ एवढेच सांगणाऱ्याही असत. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

प्रतिसाद २: सहमत. मात्र वनौषधींची बाग सांभाळणाऱ्या ननवर संशय नेऊ नये, कारण वाचक तिला पहिल्याच पानावर पकडतो. कोठाराच्या किल्ल्या आणि हिशेब जिच्या हाती, तिच्याकडे पाहावे.