इरलं घालतात की घेतात?

पुतणीच्या निबंधात वाक्य आलं : ‘आजी पावसात डोक्यावर इरलं घालायची.’ व्याकरणाची चूक नाही, पण कानाला खटकलं. आमच्याकडे, दापोली तालुक्यात, आजी इरलं घ्यायची. ‘आभाळ भरून आलंय, इरलं घे’ हेच ऐकत मोठे झालो. घालायची ती टोपी. ती फक्त आजोबांची, काळी, ओटीवरच्या खुंटीला असायची आणि तालुक्याला काम निघालं तरच खाली यायची. वाडीत शिंपणं करताना मात्र ते डोक्याला पंचा गुंडाळायचे. लग्नात फेटा बांधायचे. एका डोक्याला किती क्रियापदं! तुमच्याकडे इरलं घालतात की घेतात?

— मालवणकडे आम्हीही घेतो. मला वाटतं, ज्यात अवयव शिरतो ते घालायचं : सदरा, बांगडी, चप्पल, टोपी. जे वरून पांघरायचं ते घ्यायचं : शाल, घोंगडी, डोक्यावरचा पदर. इरलं डोक्याला टेकतं, पण झाकतं ते पाठ. म्हणून ते टोपीच्या नव्हे, घोंगडीच्या जातीचं.

— पण मग छत्री? तीही आपण ‘घेतो’.

— ते घेणं वेगळं. ‘छत्री घेतलीस का?’ म्हणजे सोबत आहे ना, बंद असली तरी चालेल. ‘इरलं घेतलंस का?’ म्हणजे अंगावर आहे ना. बगलेत मारलेलं इरलं कुणी पाहिलंय का?

— ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पळसाची वगैरे पानं दाबून बसवलेली. डोक्याकडे निमुळतं, खाली कमरेपर्यंत कासवाच्या पाठीसारखं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे दिवसभर वाकून भात लावायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. छत्री एक हात अडवते, आणि वाकलं की पाठ भिजतेच. आकारानं पाहिलं तर इरलं म्हणजे मोठ्या माणसाची कुंचीच. तरी बाळाला कुंची ‘घालतात’, हे मात्र वरच्या नियमात बसतं की नाही, बघा बुवा.

— बसतं की. कुंचीत डोकं शिरतं आणि नाड्या बांधतात.

— थोडं विषयांतर. टोपी हा शब्दच आपल्या किनाऱ्यावर परक्याचा वास घेऊन वावरलाय. १८व्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, रामचंद्रपंत अमात्य फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) या सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’ म्हणतात आणि हे नुसते सावकार नव्हेत, यांना जागा देताना जपून राहा, असं बजावतात. म्हणजे माणसाची ओळख डोक्यावरून. ‘टोपी घालणे’ला फसवणुकीचा अर्थ यावरूनच आला, असं मात्र कुणी म्हणू नये, जुळतंय म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

— आणि कोळ्यांची लाल टोपी? ती तर आपलीच, अस्सल किनाऱ्याची. टोपीकरांच्या नावावर सगळी टोपी खपवू नका.

— मान्य, मान्य.

मूळ प्रश्न माझा, म्हणून शेवटचं. आजीचं इरलं पावसाळा संपला की चुलीवरच्या माळ्यावर जायचं. धुरानं काळं व्हायचं, कीड लागायची नाही. मृगाच्या पहिल्या पावसात ती मला त्याच्याखाली घेऊन बांधावर जायची. आत धुराचा वास, बाहेर सरींचा आवाज, आणि समोर तिचे चिखलातले पाय एवढंच दिसायचं. पुढे प्लास्टिकच्या खोळी आल्या, तीही ‘खोळ’ आम्ही घेतोच.

तर पुतणीला सांगून ‘घालायची’चं ‘घ्यायची’ करून घेतलं. तिनं खोडरबर बाजूला ठेवलं आणि विचारलं, “आजी दर वर्षी नवीन घ्यायची का?”