मदत हवी आहे: चीनमधल्या माझ्या वर्गातली मुलं तोंडच उघडत नाहीत

नमस्कार मंडळी.

मी मूळची सोलापूरची. बारा वर्षं तिकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलं आणि ऑगस्टअखेरीस चीनच्या हेनान प्रांतात, लुओयांगला आले. इथल्या एका कॉलेजात परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने चालणारा अभ्यासक्रम आहे. त्याच्या पहिल्या वर्षाला मी इंग्रजीतून गणित शिकवते. करार जूनपर्यंतचा आहे.

राहण्याखाण्याचं मार्गी लागलंय. १५ नोव्हेंबरपासून इमारतीत हीटिंग सुरू झालं, त्यामुळे थंडीचीही तक्रार नाही. मी शाकाहारी आहे, म्हणून सुरुवातीला फार हाल झाले. इथे सकाळी सकाळी लोक मटणाचं नाहीतर बीफचं गरमागरम सूप पितात, गल्लोगल्ली मोठाली पातेली उकळत असतात. पण ते माझं मी निभावून नेते. अडलंय ते वर्गात.

४२ मुलं आहेत. वेळेवर येतात, भिंतीवर टांगलेल्या कप्प्यांच्या पिशवीत आपापला फोन ठेवतात, वही उघडतात आणि मी जे फळ्यावर लिहीन ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात. मी काही विचारलं की ४२ माना एकदम खाली. चकार शब्द नाही. पंचेचाळीस मिनिटांचे दोन तास लागोपाठ असतात. दीड तास फक्त माझाच आवाज ऐकून संध्याकाळी खोलीवर आले की घसा आणि मन दोन्ही बसलेलं असतं.

परवाचा प्रसंग सांगते. इंटिग्रेशन बाय पार्ट्स चालू होतं. एक्स साइन एक्सचं उत्तर लिहिताना माझ्याकडून पहिल्या पदाचं मायनस चिन्ह राहिलं. मला पत्ताच नाही. त्याच उत्तरावर पुढचं गणित बांधलं. मुलांनी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. रात्री पावणेदहाला वीचॅटवर वर्गप्रमुखाचा मेसेज आला. त्याने माझ्या फळ्याचा फोटो पाठवला होता, चुकलेल्या जागी लाल वर्तुळ काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘लाओश, इथे कदाचित मायनस असावं का? माझं चुकत असेल तर माफ करा.’ (लाओश म्हणजे सर किंवा मॅडम, दोन्हीला तोच शब्द.)

म्हणजे त्याला वर्गातच कळलं होतं. आणखी दहा-बारा जणांना तरी कळलंच असणार. तरी दीड तास कोणी बोललं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण इतके परके आहोत का, की साधी चूकही कोणी दाखवू नये?

त्यात गेल्या आठवड्यात कॉलेजातले तीन ज्येष्ठ प्राध्यापक मागच्या बाकावर बसून तास बघून गेले. इथे तशी पद्धतच आहे. ‘विषयाची तयारी उत्तम, वर्गात देवाणघेवाण कमी’ असा शेरा आला. शेरा खराच आहे. डिसेंबरअखेरीस ते पुन्हा येतील. पण मला ही देवाणघेवाण त्यांच्यासाठी नकोय, मुलांसाठी हवीय. हुशार आहेत हो पोरं. कोणी चीनमध्ये किंवा अशा वर्गात शिकवलं असेल तर मार्ग सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी सिचुआनमधल्या एका जिल्ह्याच्या शहरात सहा वर्षं फिजिक्स शिकवलं. तुमचा धागा वाचून पहिलं वर्ष आठवलं.

तो मेसेज तुम्ही उलटा वाचताय असं मला वाटतं. त्या मुलाने चूक लपवली नाही, चारचौघांत तुमचा मान जाऊ नये म्हणून रात्रीपर्यंत थांबला. ‘मियान्झ’, म्हणजे चारचौघांतला मान, हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. आपण ‘तोंडघशी पाडणं’ म्हणतो ना, ते शिक्षकाच्या बाबतीत करायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. शिवाय ‘शंका आहे का?’ याला ‘आहे’ म्हणणं म्हणजे ‘तुम्ही नीट शिकवलं नाही’ असं सांगणं, असंही बऱ्याच मुलांना वाटतं. तो प्रश्न मी दुसऱ्या वर्षापासून वर्गात विचारलाच नाही.

आणि ही मुलं हेनानची असतील तर ती कुठून आली आहेत ते बघा. २०२३ साली एकट्या हेनानमधून १३ लाखांहून जास्त मुलं गाओकाओला, म्हणजे त्यांच्या बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेला, बसली होती. प्रांत मोठा, चांगल्या कॉलेजातल्या जागा थोड्या. तीन वर्षं सकाळी उजाडायच्या आत वर्गात आणि रात्री दहापर्यंत तिथेच अभ्यास. तिथे बोलण्याला मार्क नव्हते. चुकीचं उत्तर मोठ्याने देण्यात त्यांना तोटाच दिसतो, आणि तेही इंग्रजीतून!

मी काय केलं ते सांगतो. प्रश्न आदल्या दिवशी वीचॅट ग्रुपवर टाकायचो. वर्गात आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला म्हणायचो, चिनीत बोललं तरी चालेल. मग ‘तुझं उत्तर काय’ असं न विचारता ‘तुमच्या बाकाचं उत्तर काय’ असं विचारायचो. उत्तर चुकलं तर ते बाकाचं चुकतं, एकट्याचं नाही. एवढ्याने फार फरक पडतो.

मुलांना हाक कशी मारता?

धागाकर्ती

हजेरी क्रमांकाने. काहींनी स्वतःला इंग्रजी नावं घेतली आहेत, त्यांना त्या नावांनी. चिनी नावांचे स्वर, म्हणजे उच्चारातले चढउतार, चुकतील या भीतीने मी त्या वाटेला गेलेच नाही.

प्रतिसाद २

मी निवृत्त शिक्षिका, नगर जिल्ह्यातली. चीन बघितला नाही, पण गप्प वर्ग खूप बघितले. मराठी माध्यमातून आलेली मुलं अकरावी सायन्सला इंग्रजीत बसली की अशीच ढिम्म. मी त्यांना चिठ्ठ्या द्यायचे. तास संपताना नाव न घालता एकच ओळ लिहायची, आज काय कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू. आपला प्रश्न बाईंनी वाचला आणि वर्गात कोणी हसलं नाही, हे दोन-तीनदा घडलं की मूल आपणहून हात वर करतं. बाळा, क्रमांकाने हाक मारू नकोस. जीभ अडखळली तरी नाव घे.

प्रतिसाद ३

थोडं अवांतर, माफ करा. माझ्या पुतण्याला चीनमधल्या एका क्लासकडून इंग्रजी शिकवायची ऑफर आहे. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, बाकीचं नंतर बघू’ म्हणतात. जावं का?

धागाकर्ती

दादा, अजिबात पाठवू नका. कामासाठी झेड व्हिसाच लागतो आणि त्याच्या आधी वर्क परमिटचं पत्र हातात हवं. आल्यावर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. टुरिस्ट व्हिसावर शिकवताना सापडला तर दंड, कोठडी आणि परत पाठवणी त्याच्या नशिबी, क्लासवाले हात वर करतील. इंग्रजी भाषा शिकवायची असेल तर सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचाच पासपोर्ट मागतात, आपल्याला विषय शिकवण्याच्या जागा मिळतात. शिवाय २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, तेव्हापासून असे क्लास कधी बंद होतील त्याचा नेम नाही.

प्रतिसाद १

शंभर टक्के सहमत.

ताई, आणखी एक. लुओयांगला आहात तर मुलांना घेऊन बायमा स, म्हणजे पांढऱ्या घोड्याच्या मंदिरात जा. पण तुम्ही काही सांगू नका, त्यांना सांगू द्या. त्यांच्या गावात तुम्ही पाहुण्या आणि ते यजमान. नातं थोडं उलटं झालं की जिभा सुटतात.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहिते.

आधी नावं. वर्गप्रमुखाकडून ४२ नावं व्हॉइस मेसेजमध्ये बोलून घेतली आणि पाच रात्री पाठ करत बसले. सोमवारी हजेरी नावांनी घेतली. तिसरंच नाव चुकलं. मी चढा स्वर लावला, हवा होता उतरता. आणि मंडळी, पूर्ण वर्गाने एका सुरात मला दुरुस्त केलं! मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा दुरुस्त केलं. चौथ्या वेळी मागून एक मुलगा ओरडला, ‘जोंग!’ हेनानी बोलीत हा ‘जमलं, बरोबर’ या अर्थाचा शब्द आहे. सगळा वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

चिठ्ठ्याही चालू केल्या. पहिल्या दिवशी ४२ पैकी ३१ कोऱ्या. आता नऊ-दहाच कोऱ्या येतात. अर्ध्या चिनीत असतात, त्या मी फोनवर भाषांतर करून वाचते. एकीत होतं, ‘मला गणित कळतं, पण तुम्ही इंग्रजीत विचारता तेव्हा उत्तर तयार होईपर्यंत तुम्ही पुढे गेलेल्या असता.’ हे वाचून मी हादरले. आता प्रश्न विचारला की मनातल्या मनात वीसपर्यंत मोजते. फार अवघड जातं.

मंदिरात सहा जण आले. इसवी सन ६८ मध्ये भारतातून आलेल्या काश्यप मातंग आणि धर्मरत्न या भिक्खूंसाठी ते बांधलं असं मानतात, दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. जवळच सांचीच्या स्तूपासारखं भारतीय शैलीचं मंदिर आहे, त्याचं उद्घाटन २०१० मध्ये राष्ट्रपती असताना आपल्या प्रतिभाताई पाटील यांनी केलं होतं. मी ‘त्या आमच्या महाराष्ट्रातल्या’ म्हटल्यावर मुलांनी मला त्या पाटीशेजारी उभं करून फोटो काढला. परतताना एका मुलीने बुफान तांग खायला नेलं. मुगाच्या पिठाची पातळ धिरडी, एकाच बाजूने भाजलेली, आंबट-तिखट रश्श्यात सोडतात. बुफान म्हणजे ‘न उलटलेलं’. वर्गात कधी न बोललेली ही मुलगी दुकानदाराशी भांडून माझ्यासाठी हाडांच्या रश्श्याऐवजी साध्या गरम पाण्यात वाटी करून घेऊन आली, आणि ते कसं करतात हे मला तोडक्यामोडक्या इंग्रजीत पंधरा मिनिटं सांगत होती.

वर्गात मात्र ती अजून गप्पच आहे. बाकाचं उत्तर तिचा शेजारीच देतो. तिला एकटीला विचारावं की अजून थांबावं, हे कळत नाही. प्राध्यापक मंडळी पुढच्या गुरुवारी येणार आहेत, त्या दिवशी तिच्या बाकाला हात लावायचा नाही एवढं ठरवलंय.

पुढचं प्रकरण इम्प्रॉपर इंटिग्रल्सचं आहे. दोघांनी मिळून बोलावं असे, एकच उत्तर नसलेले प्रश्न कोणाकडे असतील तर द्या. माझ्याकडे चारच आहेत.