अडकलेला बिल्ड: आधी मारायचा की आधी बघायचा?

महापेवाला: टीममध्ये यावरून रोज खडाजंगी होते, म्हणून धागा काढतोय. माझं मत: ठरलेल्या वेळात जॉब (कोड आपोआप बिल्ड, टेस्ट किंवा डिप्लॉय करणारं काम) संपला नाही तर सिस्टीमने तो मारावा आणि एकदा आपोआप पुन्हा चालवावा. कुणाला विचारत बसू नये. असे जॉब चालवणाऱ्या गिटहब ॲक्शन्समध्ये टाइमआउट, म्हणजे वेळेची मर्यादा, लिहिली नाही तर जॉबला ३६० मिनिटं मिळतात. म्हणजे आठ मिनिटांचा बिल्ड सकाळी दहाला लटकला की दुपारी चारपर्यंत रनर, म्हणजे जॉब चालवणारं मशीन, अडवून बसणार. तसल्याच गिटलॅबमध्ये डीफॉल्ट एक तास आहे, तोही मला जास्तच वाटतो. जेनकिन्स या तिसऱ्या टूलमध्ये तर आपण मर्यादा घातली नाही तर पाइपलाइन (एकामागून एक स्टेप्सची साखळी) दिवसेंदिवस चालू दिसते. घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रक बंद पडला की आधी क्रेन येते, क्लच का गेला ते नंतर.

कोपरखैरणेकर: क्रेन आणा हो, पण तुम्ही ट्रक थेट भंगारात घालताय. होस्टेड रनरवर (कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या मशीनवर) जॉब मेला की मशीनही जातं. हातात राहते लॉगची शेवटची ओळ, ‘टेस्ट सुरू’. त्यावरून काय कळणार, कपाळ? गिट पासवर्ड मागतंय आणि टाइप करायला कुणी नाही, एखादं पॅकेज इन्स्टॉल होताना हो की नाही विचारतंय, प्रोग्रामचे दोन थ्रेड (समांतर चालणारे भाग) एकमेकांच्या लॉकची वाट बघत बसलेत: यातलं नेमकं काय झालं ते प्रोसेस जिवंत असतानाच दिसतं. पहिली दोन दुखणी तर कितीही वेळा पुन्हा चालवली तरी जाणार नाहीत.

माजिवडा_नाइटशिफ्ट: मुळात घड्याळ लावणंच चूक. कॅश (आधी उतरवून ठेवलेल्या फाइल्स) रिकामी असली की आमचा चांगला बिल्डही तिप्पट वेळ घेतो. तो का मारायचा? शांतता मोजा. सर्कलसीआय हे तसलंच टूल १० मिनिटं आउटपुट आलं नाही तर स्टेप थांबवतं. जेनकिन्सच्या टाइमआउटलाही ॲक्टिव्हिटीचा पर्याय आहे, तो शेवटच्या लॉगपासून वेळ धरतो.

महापेवाला: आणि ‘डेटाबेसची वाट बघतोय’ असं दर पाच सेकंदांना छापणारा लूप? तो तुमच्या शांततेत कधीच सापडणार नाही. दोन्ही लावा, पण वरची मर्यादा हवीच.

वागळे_इस्टेट: डिप्लॉयचं, म्हणजे कोड खऱ्या सर्व्हरवर चढवण्याचं, कुणी बोलतच नाहीये. सर्व्हर वगैरे उभे करणारं टेराफॉर्म अप्लाय अर्ध्यात कापलं तर स्टेटचं (काय काय बनलंय त्या नोंदीचं) लॉक तसंच राहू शकतं, काही रिसोर्स बनलेले, काही नाहीत. पुढचा जॉब त्या लॉकवर आपटतो. मग कुणीतरी घाईत फोर्स-अनलॉक मारून लॉक जबरदस्तीने काढतं आणि खरी गंमत सुरू होते. टेस्ट खुशाल मारा, डिप्लॉयला माणूस हवा.

घणसोली_लोकल: अजून एक. जो जॉब सुरूच झाला नाही त्याचं काय? जॉबवरच्या टॅगला (कसलं मशीन हवं त्या खुणेला) जुळणारा रनर नसला की जॉब क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, पडून राहतो, आणि जॉबचा टाइमआउट तर सुरू झाल्यावर मोजतात. गिटहबवर सेल्फ-होस्टेड (आपल्याच मशीनवरचा) रनर मिळाला नाही तर तो २४ तासांनी फेल होतो. क्यूवर वेगळा अलर्ट लावा.

महापेवाला: डिप्लॉयचं मान्य, ते वगळतो. रिट्रायवर (आपोआप पुन्हा चालवण्यावर) मात्र ठाम आहे. रात्री दोनला नेटवर्क गेलं म्हणून मी माणूस उठवू का?

कोपरखैरणेकर: माणूस झोपू द्या. पण दुसऱ्या फेरीत हिरवं (पास) झालं की सकाळी पहिल्या फेरीचा लॉग कोण उघडतं? आमच्याकडे तरी कुणी नाही. रिट्राय ठेवायचाच असेल तर आधी पुरावा काढा. जॉबला ३० मिनिटं द्या, आतल्या कमांडवर लिनक्सची टाइमआउट कमांड २५ मिनिटांची लावा. वेळ संपली की प्रोसेसला जाणारा सिग्नल क्विट ठेवा आणि मिनिटभराने किल, म्हणजे सक्तीने मारणारा. क्विट मिळाला की जावा मरत नाही, सगळ्या थ्रेडचा डंप (कोण कुठे अडकलंय त्याची यादी) छापतं. तो लॉगमध्येच येतो.

महापेवाला: हे आवडलं. ग्रेडलने (जावाचं बिल्ड टूल) चालवलेल्या टेस्टलाही चालेल?

कोपरखैरणेकर: तसंच्या तसं नाही. तिथे टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये (जावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) असतात, तुम्हाला डंप मिळेल तो ग्रेडलचा. जेपीएसने (चालू जावा प्रोसेसची यादी देणारी कमांड) टेस्ट चालवणारे वर्कर शोधायचे आणि प्रत्येकावर डंप काढणारं जेस्टॅक चालवायचं. छोटी स्क्रिप्ट होते, सोमवारी टाकतो इथे.