मदत हवी आहे: साठवलेल्या खाऱ्या पाण्याचा केएच (कार्बोनेटची पातळी) घसरतो, ड्रममध्ये पांढरा थर बसतो

प्रवाळखोर

200 लिटरचा मरीन टँक आहे, बहुतेक सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कडक प्रवाळ). दर पंधरा दिवसांनी 40 लिटर पाणी बदलतो. दोन वेळचं पाणी एकदमच बनवतो: झाकणाच्या ड्रममध्ये 80 लिटर आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेलं पाणी (टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 0), त्यात सॉल्ट मिक्स (समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ). हीटर 26 अंशांवर आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप), दोन्ही महिनाभर चालूच असतात.

ताज्या पाण्याचं रीडिंग: सॅलिनिटी (खारटपणा) 35 पीपीटी (हजारात 35 भाग), केएच 11, कॅल्शियम 440. पंधरा दिवसांनी उरलेल्या 40 लिटरचं: सॅलिनिटी 36.5, केएच 8.5, कॅल्शियम 430 च्या आसपास. हीटरवर पांढरी खरखरीत पुटं चढलेली, तळाशी पिठासारखा गाळ. मीठ खराब आहे का? की पाणी शिळं होतं?

शेवंड

मीठ ठीक आहे. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा आहे आणि तुमचे आकडेच ते सांगतात. हा थर बसताना केएच 2.8 ने उतरला की कॅल्शियम साधारण 20 पीपीएमने उतरतं. तुमचा केएच 2.5 ने उतरला, म्हणजे कॅल्शियम 18 ने उतरायला हवं. ते 10 नेच उतरलेलं दिसतं, कारण पाणी उडून सगळंच घट्ट झालंय. 35 वरून 36.5 गेलंय ना, ते त्याचंच.

आता एक सांगा, मीठ आधी टाकता की पाणी?

प्रवाळखोर

मीठ आधी. तळाशी ओततो आणि वरून आरओची नळी सोडतो, पाण्याच्या धारेनं आपोआप ढवळलं जातं म्हणून.

शेवंड

हीच पहिली गडबड. सुरुवातीच्या दहा-वीस लिटरमध्ये सगळं मीठ असतं, तेव्हा कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके दाट होतात की लगेच एकमेकांना धरून खाली बसतात. एकदा बसलेलं नंतर कितीही पाणी घाला, सहजी विरघळत नाही. आणि ते बारीक कण पुढच्या थराला बीज पुरवतात.

उलटं करा. आधी 75 लिटर पाणी भरा, पॉवरहेड पृष्ठभाग हलेल असा लावा, हीटर बंद. 80 लिटरला साधारण 2.9 किलो मीठ वजन करून घ्या आणि वीसेक मिनिटांत मूठमूठ सोडा, आधीची मूठ विरघळू लागल्यावर पुढची. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं की मोजा, मग पाणी किंवा मीठ घालून 80 लिटरच्या खुणेवर 35 ला आणा. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावलेला असू द्या. नुसत्या आरओवर शून्य जुळवलं तरी 35 ला तो चुकू शकतो.

पाणकोंबडा

पॉवरहेड मात्र बंद करू नका. साचलेलं पाणी सडतं, वास येतो.

शेवंड

ताज्या मिश्रणात सडायला असतं काय? वास येतो तो ड्रममध्ये टँकचं पाणी, वापरलेली नळी किंवा धूळ गेल्यामुळे. घट्ट झाकण आणि अंधार असला की पाणी महिनाभर तसंच राहतं. पूर्ण विरघळलेलं मीठ नुसतं ठेवल्यानं तळाशीही जात नाही.

म्हणून मीठ विरघळलं की दोन्ही बंद करा. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, आणि हीटरची नळी बाकी पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते, म्हणून थर तिथेच आधी धरतो. वापरायच्या आदल्या रात्री दोन्ही सुरू करा, सकाळी टँकच्या एका अंशाच्या आत तापमान आलं की झालं. ड्रम उपसायच्या आधी हीटरचा प्लग काढा, उघडा पडला की काच तडकते.

प्रवाळखोर

आत्ता जे 40 लिटर पडलंय, ते ओतून देऊ का? टँकचा केएच 8 आहे.

शेवंड

अजिबात नको. साधारण 1.7 लिटर आरओ घाला, 35 वर येईल, केएच 8.2 च्या आसपास होईल, म्हणजे टँकला जवळजवळ जुळणारा. उलट 11 चं ताजं पाणी 200 मध्ये 40 लिटर घातलं की टँकचा केएच एका दमात 0.6 ने चढतो. सॉफ्ट कोरल ते सहन करतात, पण दर पंधरा दिवसांनी असा झोका कशाला? केएच 8-9 देणारं मिक्स घेतलंत तर थरही कमी बसेल. तळाचे शेवटचे दोन-तीन लिटर मात्र टँकमध्ये घेऊ नका, गाळ तिथेच असतो.

प्रवाळखोर

आणि हीटरवरची पुटं?

पाणकोंबडा

साधा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. त्यात पॉवरहेड दोन तास चालवा, हीटर न लावता नुसता बुडवून ठेवा. फेस येतो, तो आला की समजा काम चाललंय. ड्रमच्या भिंतीही त्यानेच पुसा, नाहीतर जुन्या थरावर नवं पाणी पुन्हा बसायला लागतं. मग दोनदा आरओने खळबळून काढा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधी मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

प्रवाळखोर

एक राहिलंच. पिशवी उघडून बरेच दिवस झालेत, मिठाचे गोळे झालेत. चालेल?

शेवंड

बोटानं दाबून फुटत असतील तर चालेल. फक्त त्यात ओलावा शिरलाय, म्हणजे 2.9 किलोमध्ये मीठ कमी आणि पाणी जास्त. वजनावर न जाता रिफ्रॅक्टोमीटरवर जा, केएचही एकदा तपासा. दगड झाला असेल तर फेकाच, त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट आतल्या आत एकत्र आलेले असतात, तो भाग विरघळणार नाही. नवीन पिशवी आली की हवाबंद डब्यात ओता आणि मीठ काढण्याआधी डबा दरवेळी लोळवा, प्रवासात बारीक आणि जाड दाणे वेगळे झालेले असतात.