स्प्रिंट चार आठवड्यांचा केला तर काय बिघडेल?

प्रश्न: आमचा स्प्रिंट, म्हणजे सॉफ्टवेअर टीमचा ठरलेल्या मुदतीचा कामाचा टप्पा, दोन आठवड्यांचा आहे. तेवढ्यात काम पुरं होत नाही. चार केले तर मीटिंगाही कमी होतील ना?

उत्तर १: फारशा नाही. स्क्रम (स्प्रिंटमध्ये काम करायची पद्धत) गाइडनुसार महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगची कमाल मर्यादा ८ तास आहे. स्प्रिंट छोटा असेल तर वेळही कमी लागतो. फरक पडतो तो चूक किती महाग पडते त्यात. फीचर ग्राहकाला नकोच होतं, हे रिव्ह्यूत (स्प्रिंटच्या शेवटी काम दाखवायची बैठक) कळलं तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाच्या १० दिवसांचं काम वाया जातं. चार आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये २०.

उत्तर २: मुळात स्टोरी (एकेका कामाची कार्डं) मोठ्या असणार. ‘रिपोर्ट मॉड्यूल’ असं एकच कार्ड असेल तर ते फोडा: आधी एकच रिपोर्ट, एकच फिल्टर, पण डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंत चालणारा. पहिल्या आठवड्यात बॅकएंड, दुसऱ्यात स्क्रीन अशी आडवी वाटणी केली की सगळं टेस्टिंग शेवटच्या दिवशी अंगावर येतं. (हा घोळ फार ठिकाणी दिसतो.)

उत्तर ३: आणि नवव्या दिवशी स्प्रिंट लांबवू नका. अर्धवट स्टोरी बॅकलॉगमध्ये (उरलेल्या कामांच्या यादीत) परत, पॉइंट (कामाच्या आकाराचे गुण) शून्य. ‘८० टक्के झालं’ म्हणून पॉइंट दिले की वेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पुरे होणारे पॉइंट) फुगते आणि पुढचं प्लॅनिंगही फसतं.

प्रश्नकर्ता: पण रिलीज तीन महिन्यांतून एकदाच होते.

उत्तर १: होऊ दे. दर स्प्रिंटच्या रिव्ह्यूला प्रत्यक्ष वापरणारा माणूस बसवा, स्लाइड नको, चालतं सॉफ्टवेअर त्याच्या हातात द्या.