विषय: नववीच्या मुलाला कामाच्या आठवड्यासाठी कुठे पाठवावं?

प्रेषक: नवीन सभासद, बोब्लिंगेन

नमस्कार मंडळी,

हिंजवडीतून इकडे जर्मनीत येऊन आम्हाला अजून फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. चिरंजीव गिम्नाझियमला (पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा) नववीत आहेत. परवा शाळेतून कागद आला. मार्चमध्ये एक आठवडा शाळेला सुट्टी नाही, पण शाळेत यायचंही नाही! कुठेतरी कामाच्या ठिकाणी जायचं, आणि ती जागा मुलाने स्वतः शोधायची. अर्ज, बायोडाटा सगळं त्यानेच लिहायचं. याला बोगी म्हणतात म्हणे. पैसे अर्थातच नाहीत.

घरात यावरून दोन तट पडलेत. ह्यांचं म्हणणं, आठवडा जाणारच आहे तर निदान चांगल्या कंपनीत जावा, पुढे सांगायला होईल. मुलाने मात्र परस्पर ठरवून टाकलंय की कोपऱ्यावरच्या बेकरीत जाणार. कारण काय, तर ते ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा पाव) हवेतल्या हवेत एका झटक्यात कसं वळतात ते बघायचंय. सासूबाईंना फोनवर कळलं, तेव्हापासून रोज एकच: "एवढं जर्मनीला जाऊन पोरगं भट्टीवर?"

कोणाच्या कंपनीत आठवडाभर घेतील का? सॉफ्टवेअर, ऑटोमोबाइल, काहीही चालेल. संध्याकाळी त्याचा जेईईचा ऑनलाइन क्लास असतो, तेवढा बुडायला नको.

प्रेषक: फायहिंगेनवाला

वहिनी, टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे दरवर्षी कोणाचं ना कोणाचं पोर येतंच. एचआरला विचारून ठेवतो. लॅपटॉप देऊन बसवू माझ्या शेजारी. कॅन्टीन झकास आहे.

जाता जाता: पाडव्याच्या कार्यक्रमाच्या हॉलची चावी कोणाकडे आहे?

प्रेषक: एस्लिंगेनची काकू

चावी माझ्याकडे. आता मुद्द्याचं, आणि जरा लांबण लागणार आहे.

मी इथल्या एका रेआलशूलेत (दहावीपर्यंतची मधल्या स्तराची शाळा) गणित आणि डब्ल्यूबीएस शिकवते. दुसरा विषय म्हणजे अर्थव्यवहार आणि व्यवसायांची ओळख. २०१६ च्या अभ्यासक्रमात तो रीतसर आला. कामाच्या आठवड्यानंतर मुलं वही लिहून देतात, त्या वह्यांचा गठ्ठा दरवर्षी माझ्या जेवणाच्या टेबलावर असतो. आपल्या भारतीय मुलांची वही मी न उघडता सांगू शकते. सोमवार: बाबांच्या मित्राने कंपनीची माहिती दिली. मंगळवार: मीटिंग पाहिली. बुधवार: आणखी एक मीटिंग पाहिली, ती इंग्रजीत होती. गुरुवार: एक्सेलचा तक्ता रंगवला. शुक्रवार: सर्वांचे आभार. फायहिंगेनवाल्यांनो, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा आठवडा त्या मुलाला घरीही काढता आला असता.

याउलट एका मुलाने सुताराकडे काढलेले दिवस लिहिले होते. फळी घासायला दिली. घासून नेली, तर मालकाने तिच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि काही न बोलता तीच परत हातात ठेवली. दुपारपर्यंत हेच. लाकडाच्या रेषेला आडवं घासत होता, हे त्याचं त्यालाच कधीतरी कळलं. त्याच्या वहीत या एका फळीवर दोन पानं होती, आणि हा मुलगा एरवी निबंधाच्या चार ओळींसाठी वाद घालणारा.

वहिनी, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. इथे चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षीच, मुलांच्या वाटा फुटतात. गिम्नाझियमच्या वर्गात मग बहुतेक डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक यांचीच मुलं उरतात. जो पुढे तुमच्या घरची वायरिंग करणार तो दुसऱ्या शाळेत, जी तुमच्या म्हातारपणी इंजेक्शन देणार ती तिसऱ्या. या देशात ३०० हून जास्त व्यवसायांचं आउसबिल्डुंग, म्हणजे रीतसर प्रशिक्षण, आहे. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस मालकाकडे काम, तेही पगारासकट. बेकरचं तीन वर्षांचं असतं. तुमच्या मुलाच्या वयाचं अर्धंअधिक जग या वाटेनं जातं, आणि त्याला ते दाखवायला शाळेनं हा एक आठवडा ठेवलाय.

कायद्याची काळजी नको. सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलाला दिवसाला ७ तास आणि आठवड्याला ३५ तास याहून जास्त राबवता येत नाही, आणि सकाळी सहाच्या आत बोलावता येत नाही. बेकरीचं खरं काम तोवर निम्मं उरकलेलं असतं, तेवढंच वाईट.

आणि सासूबाईंना सांगा, आपल्याच महाराष्ट्र सरकारने २०२४ साली आपल्या या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय. कशासाठी? नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी कुशल माणसं इकडे पाठवायला. तिकडे त्यासाठी तरुण मुलं जर्मन शिकायला बसली. इथे आलेल्यांना मात्र बेकरीचं नाव निघालं की घाम फुटतो.

प्रेषक: लुडविग्सबुर्गचा एक बाप

काकू, तुमचं सगळं पटतं. पण एक बाजू राहिली.

वकिलाचा जर्मन मुलगा आठवडाभर बेकरीत जातो तेव्हा सगळे कौतुक करतात, आणि सोमवारी तो परत वकिलाचा मुलगा असतो. आपल्या मुलांचं तसं नाही हो. आमच्या थोरलीच्या वेळी, चौथीत, बाईंनी आम्हाला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं होतं की रेआलशूले "तिच्यासाठी जास्त सुखाची" होईल. मार्क चांगले होते. घरी जर्मन बोलत नाही, हे कारण. २०१२ पर्यंत इथे चौथीतल्या शिक्षकांची ती शिफारस बंधनकारक होती. आमच्या नशिबाने तिच्या वेळी ती सक्ती उठली होती, म्हणून आम्ही ऐकलं नाही. ती आता ट्युबिंगेनला बायोकेमिस्ट्री करतेय.

त्यामुळे आपले लोक कंपनीच्या गेटकडे धावतात ते केवळ मोठेपणासाठी नाही. एकदा खालच्या वाटेकडे बोट दाखवलेलं असलं की माणूस त्या दिशेला नुसतं बघायलाही घाबरतो. शाळेच्या फाइलमध्ये "बेकरी" लागलं, आणि पुढे कोणी म्हणालं, बघा, त्याची आवडच ती आहे, तर?

प्रेषक: एस्लिंगेनची काकू

ही भीती खरी आहे, आणि स्टाफरूममध्ये बसून मी ती वाक्यं ऐकलेली आहेत. गोड आवाजासकट. पण या आठवड्याची जागा प्रगतिपुस्तकात जात नाही, आणि बारावीच्या मार्कांशी तिचा काडीचा संबंध नाही. बाईंशी भांडायचं ते चौथीत भांडायचं, तुम्ही भांडलात, छान केलंत. त्याचा हिशोब नववीतल्या पोराकडून कशाला वसूल करायचा?

प्रेषक: बारावीतली, फॉयरबाख (आईच्या अकाउंटवरून)

नमस्कार काका-काकू,

आई म्हणाली तू लिही, तू केलंयस. मी नववीत बाबांच्या कंपनीत गेले होते. काकूंनी लिहिलेली वही माझीच आहे असं वाटलं, फक्त माझ्याकडे तीन मीटिंगा होत्या.

दहावीत आमच्या शाळेत सोशल प्राक्टिकुम, म्हणजे समाजसेवेच्या ठिकाणचं काम, असतं, तेव्हा मी वृद्धाश्रमात गेले. पहिल्या दिवशी मला पाण्यात पावडर ढवळायला दिली. ज्यांना गिळता येत नाही त्यांना साधं पाणी देत नाहीत, ते श्वासनलिकेत जातं. म्हणून पाणी घट्ट करतात, पेजेसारखं. ते मी आधी स्वतः पिऊन पाहिलं. चव पाण्याचीच, पण तोंडाला पटत नाही.

एक तुर्की आजोबा होते. आयुष्यभर इंजिनच्या कारखान्यात काम केलेले. त्यांना डिमेन्शिया होता आणि जर्मन पूर्ण गेलं होतं, फक्त तुर्की राहिलं होतं. मी त्यांना सूप भरवायला गेले की ते तोंड मिटून घ्यायचे. मला वाटलं मी आवडत नाही. फरशी पुसणाऱ्या एक बाई तुर्कीच होत्या, त्या दोन दिवस बघत होत्या. मग मला म्हणाल्या, उभी राहून का भरवतेस, तो काय गुरू आहे? खुर्ची ओढ. मी बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. नर्सना हे माहीत होतं, पण त्यांना बसायला वेळच नसायचा. एका मजल्याला रात्री एकच नर्स.

(आई म्हणतेय "गुरू" नाही, "गुरं". बरं.)

आमच्या इतिहासात हा धडा आहे. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार केला, माणसं दोन वर्षांसाठी आणायची, मग परत पाठवायची आणि नवी आणायची. तीन वर्षांत ती अट काढली, कारण शिकवलेला कामगार घालवणं कारखान्यांनाच परवडेना. परीक्षेत मी हे बरोबर लिहिलं होतं आणि विसरले होते. त्या आजोबांच्या खोलीत कपाटावर एक सूटकेस होती. ती घरी न्यायला मुलगा तयार, पण ते काढू द्यायचे नाहीत. बाबांचं पहिलं ब्लू कार्डही (इथे राहून नोकरी करायचा परवाना) चार वर्षांचंच होतं.

लुडविग्सबुर्गच्या काकांना: माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्या आजीचं नाव त्याच मजल्यावरच्या दारावर होतं. ती तिथे काम करायला आली नाही, तिने रेडिओ स्टेशन घेतलं. म्हणजे जर्मन मुलंही बघायचं टाळतातच.

प्रेषक: सिंडेलफिंगेन, चाकणहून आलेला

मी एरवी नुसता वाचतो, पण आज राहवलं नाही.

माझी शाळा शिरूर तालुक्यातली. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. त्यांचा 'आयबीटी' (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) नावाचा कार्यक्रम आमच्या शाळेत आठवी ते दहावी होता. आठवड्यातला एक दिवस कामाचा: वेल्डिंग, वायरिंग, शेती-जनावरं, स्वयंपाक आणि आरोग्य. मुलामुलींना सगळं सारखं. शिकवायला गावातलेच वेल्डर आणि वायरमन. शाळेच्या सायकल स्टँडचा अँगल आम्ही जोडलाय, तो वाकडा आहे आणि अजून उभा आहे.

इथे आमच्या लाइनवरचा मास्टर मला पहिल्या महिन्यात नुसता "हेर इंजेनिऊर" (इंजिनियरसाहेब) म्हणायचा, त्यात आदर किती आणि खवचटपणा किती ते तुम्ही ओळखलंच असेल. एकदा फिक्स्चरचा वेल्डिंगचा टाका तुटला, मी हेल्मेट मागितलं आणि लावला. तेव्हापासून नावानं हाक मारतो.

वहिनी, आता आपल्याकडच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार-कुंभारांकडे शिकायला जायचं असं लिहिलंय. शहरातल्या शाळा ते कितपत मनावर घेतील, हा प्रश्न वेगळा. तुमच्या मुलाला मागता आलंय, तर जाऊ द्या.

प्रेषक: नवीन सभासद, बोब्लिंगेन

सगळ्यांचे आभार, विशेषतः फॉयरबाखच्या मुलीचे. तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सूटकेसपाशी आल्यावर ते उठून गॅलरीत गेले. काही बोलले नाहीत, पण फायहिंगेनला फोन करायचं तूर्त राहिलंय.

तर, चिरंजीव काल स्वतःच बेकरीत जाऊन आले. मी बाहेर रस्त्यावर उभी होते, आत येऊ नकोस अशी ताकीद होती. मालकीणबाईंनी मार्क विचारले नाहीत, जर्मन किती येतं तेही नाही. पिठाची ॲलर्जी आहे का, दमा आहे का, आणि सहाला येशील का, एवढंच. मग हात दाखव म्हणाल्या, नखं बघितली. आणि हो, ब्रेत्सेल वळायला देतील, पण ते ज्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात तिकडे हातमोजे आणि चष्म्याशिवाय फिरकायचं नाही, असा दम दिलाय. श्वाबेनमधल्या, म्हणजे या भागातल्या, ब्रेत्सेलचं पोट जाड आणि मऊ, हात बारीक आणि कडक, पोटावर चीर, हे सगळं घरी येऊन आम्हाला ऐकवून झालं. मी त्याला एवढं जर्मन बोलताना प्रथमच पाहिलं (खिडकीतून).

एक अडचण आहे. आम्ही शाकाहारी. सकाळच्या गिऱ्हाइकांसाठी हॅम आणि सलामीचे ब्रेड भरतात, ते काम त्याच्या वाट्याला येणारच. मी म्हटलं, सांग ना त्यांना. तो म्हणाला, "खायचं नाहीये, लावायचंय." सासूबाईंना हा भाग कळवलेला नाही. या लिस्टवर त्यांची भाची आहे, तिने कृपया गप्प बसावं.

आणि खाद्यपदार्थांना हात लावायचा म्हणून आरोग्य खात्याचा कसला तरी दाखला लागतो म्हणाल्या. तो कुठे मिळतो?

प्रेषक: एस्लिंगेनची काकू

गेझुंडहाइट्सआम्टकडे, म्हणजे आरोग्य खात्याच्या कचेरीकडे. बऱ्याच ठिकाणी आता ऑनलाइनच होतं: स्वच्छतेची माहिती ऐकायची, कोणते आजार असले तर कामावर जायचं नाही ते समजून घ्यायचं, कागद मिळतो. तो अल्पवयीन आहे, तेव्हा तुमची सही लागेल. आत्ता लगेच काढू नका. कामाच्या पहिल्या दिवशी तो कागद तीन महिन्यांहून जुना चालत नाही, आणि दरवर्षी कोणीतरी हौसेनं नाताळाच्या आधी काढून ठेवतं.

बूट न घसरणारे घ्या, पिठावर पाय सटकतो. सहाला पोचायचं तर बस मिळेल की नाही ते आधी बघा, नाहीतर सायकल. गाडीनं सोडायला जाऊ नका.

पाडव्याच्या हॉलसाठी ज्यांनी टेबलं मांडायला येतो म्हणून सांगितलंय, त्यांनी नऊला या. साडेनऊला नाही.